कावळ्याचं नाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कावळ्याच्या नावात विचारण्यासारखं काय असणार, असं मलाही वाटायचं. पण शब्दांची पाळंमुळं शोधायचा नाद आहे हे एकदा कळलं की लोक गरुड-राजहंस सोडून कावळ्यावरच येतात. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दहाव्याच्या घाटावरसुद्धा. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

'कावळा' या शब्दाचा अर्थ काय?

का-का करणारा. मुळात यापलीकडे अर्थ नाही. संस्कृतातला 'काक' ही त्याच्या ओरडण्याचीच नक्कल आहे. बाकीचे सगळे अर्थ, म्हणजे पितर, पाहुणा, अशुभ, धूर्तपणा, आपण नंतर त्याच्या पाठीवर लादले.

मग 'कावळा' थेट 'काव काव'वरून आला की 'काक'वरून?

'काक'वरून, आणि वाट चांगली स्वच्छ दिसते. प्राकृतात दोन स्वरांच्या मधला 'क' टिकत नसे. कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार. तिन्ही ठिकाणी मधला 'क' गळाला. तसाच 'काक'चा 'काअ' झाला. दोन स्वर शेजारी आले की जीभ अडखळते, म्हणून मध्ये 'व' शिरला. 'घात'चा 'घाव' याच रीतीने झाला. मागे 'ल' प्रत्यय लागला. प्राकृतातला स्वरांमधला एकटा 'ल' मराठीत 'ळ' होतो (फल-फळ, काल-काळ). शेवटी पुल्लिंगी 'आ' जोडला की झाला कावळा.

पटत नसेल तर शेजारी 'पिवळा' ठेवून बघा. पीत, पीअ, पीअल, पिवळा. बाराव्या शतकातला हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणात 'पीअल' आणि 'पीवल' ही दोन्ही रूपं देतो, म्हणजे 'व' शिरताना रंगेहाथ सापडतो. काक, काअ, काअल, कावळा ही त्याचीच जुळी वाट. 'अंध'चा 'आंधळा' होताना लागला तोही हाच 'ल'.

गंमत अशी की ध्वनी झिजत गेले की नक्कल सहसा हरवते. हिंदीतला 'कौआ' ऐकून पक्ष्याचा आवाज चटकन आठवत नाही. मराठीत मात्र 'क' गेला आणि 'व' आला, आणि शब्द फिरून पक्ष्याच्या तोंडाशी येऊन बसला. म्हणून आपल्याला वाटतं की नाव 'काव काव'वरूनच पडलं. खरं तर उलटंही म्हणता येईल: आपण 'कावळा' म्हणतो म्हणून आपल्याला 'काव' ऐकू येतं. बंगाली माणूस 'काक' म्हणतो आणि त्याला तोच पक्षी 'का का' करताना ऐकू येतो. पक्षी एकच आहे, कान दोन.

हे 'आवाजावरून नाव' प्रकरण कोणी सिद्ध केलंय का, की नुसता अंदाज?

हा वाद निदान अडीच हजार वर्षं जुना असावा, आणि माझ्या मते कावळ्याच्या नावातली सगळ्यात सुरस गोष्ट हीच. वेदांतल्या शब्दांची फोड करणारा यास्क आपल्या निरुक्तात सांगतो: काक ही शब्दाची अनुकृती, म्हणजे आवाजाची नक्कल, आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं. पण लगेच पुढच्या वाक्यात तो औपमन्यव नावाच्या आचार्यांचं विरुद्ध मत नोंदवतो. औपमन्यवांना नक्कल वगैरे मान्यच नाही. प्रत्येक नाम धातूवरूनच निघालं पाहिजे. मग काक म्हणजे काय? तर 'अपकालयितव्य', म्हणजे ज्याला हाकलून द्यायचं तो.

भाषाशास्त्राच्या बाजूने यास्क जिंकला, यात शंका नाही. पण औपमन्यव आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहिले असते तर त्यांना रोज सकाळी पुरावा मिळाला असता. गॅसवरून पोळी उतरते, खिडकीच्या गजावर कावळा येतो, आणि आतून 'हुश् हुश्' सुरू होतं. ज्याला हाकलायचं तो! व्युत्पत्ती चुकली, निरीक्षण नाही.

काळा असतो म्हणून कावळा, असं शाळेत सांगितलं होतं.

सांगितलं असेल, पण नाही. 'काळा' हा 'काल' या रंगवाचक शब्दाचा वंशज, त्यात 'व' यायला वाव नाही. शिवाय गावातला कावळा पुरता काळा असतो कुठे? त्याची मान राखाडी असते.

'काऊ' हा नुसता बाळबोलीतला शब्द आहे का?

आज तो चिऊबरोबर जेवणाच्या घासापुरता उरलाय. एक घास काऊचा, एक घास चिऊचा. शेणाचं घर असलेला काऊ आणि मेणाचं घर असलेली चिऊ ही गोष्ट न ऐकलेलं मराठी मूल विरळा. पण शब्द मोठ्यांचा होता. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या प्रसिद्ध विराणीत पलीकडे बसून 'कोकणारा' आणि शकुन सांगणारा पक्षी 'काऊ'च आहे, आणि ती विरहिणी काही बाळाला भरवत बसलेली नाही. भाषेत असं होतं: जुना शब्द मोठ्यांच्या बोलण्यातून निवृत्त झाला की नातवंडांकडे राहायला जातो.

दारात कावळा ओरडला की पाहुणा येतो, ही समजूतही त्याच जातीची. आता पाहुणा आधी फोन करतो.

शेजारच्या भाषांत काय म्हणतात?

कोकणीत कावळो, गुजरातीत कागडो (तिथे 'ल'ऐवजी 'ड' लागला), पंजाबीत कां, बंगालीत काक. कानडीत कागे, तेलुगूत काकि, मल्याळममध्ये काक्क, तमिळमध्ये काक्कै किंवा काकम. यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: मग द्राविडांनी संस्कृतातून घेतला की उलट? आवाजावरून पडलेल्या नावांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा धरून बसू नये. मलायमध्ये कावळ्याला 'गागाक' म्हणतात, तगालोगमध्ये 'उवाक', आणि इंग्रजीतला 'क्रो'सुद्धा नक्कलच. सगळ्यांनी एकाच गुरूकडे शिकवणी घेतली, तो गुरू झाडावर होता.

संस्कृतात कावळ्याला आणखी कोणती नावं आहेत?

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात एका दमात दहा येतात: करट, अरिष्ट, बलिपुष्ट, सकृत्प्रज, ध्वांक्ष, आत्मघोष, परभृत्, बलिभुज्, वायस आणि अर्थात काक. काही प्रतींत पुढे चिरंजीवी, एकदृष्टी आणि मौकुली अशी भर आहे. सगळी उलगडत बसत नाही, पण काहींशी थांबायला हवं.

'आत्मघोष' म्हणजे स्वतःच्याच नावाचा पुकारा करणारा. यास्काचं म्हणणं इथे एका शब्दात आलं. कोशकारांनी वाद मिटवून टाकला म्हणायचा.

'बलिभुज्' म्हणजे बळी खाणारा. इथे बळी म्हणजे बकरा नव्हे. जेवणाआधी पानाबाहेर काढून ठेवलेला घास, तो बळी. 'काकबळी' हा शब्द अजून पुरोहितांच्या तोंडी आहे.

'वायस'ची कथा वेगळी. 'वयस्' म्हणजे पक्षी, कुठलाही. ऋग्वेदात 'वायस' दिव्य, सुंदर पंखांच्या, विशाल अशा विशेषणांसोबत येतो आणि तिथे कावळ्याचा काही संबंध नाही. पुढे अर्थ आक्रसत गेला आणि सगळ्या पक्ष्यांचं नाव एकट्या कावळ्याच्या पदरात पडलं. 'मृग' म्हणजे आधी कुठलंही रानातलं जनावर होतं, आता हरीण, तसंच हे. सगळीकडे दिसणारा पक्षी, तेव्हा 'पक्षी' म्हटलं की तोच.

आणि माझं आवडतं: 'परभृत्' म्हणजे कावळा आणि 'परभृत' म्हणजे कोकीळ. फरक एका पाय मोडण्याचा. 'भृत्' म्हणजे पोसणारा, 'भृत' म्हणजे पोसलेला. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळा ते पिल्लू वाढवतो, हे जुन्या लोकांनी नुसतं पाहिलं नव्हतं, व्याकरणात बसवून ठेवलं होतं. छापखान्यात तो हलंत पडला की दुसऱ्याचं पोर वाढवणारा आणि दुसऱ्याकडे वाढणारा यांची अदलाबदल होते. मी अशा दोन छापील चुका पाहिल्यात आणि दोन्ही वेळा कोकिळेचाच फायदा झालाय.

कावळ्याला खरंच एकच डोळा असतो का?

नाही, दोन असतात आणि दोन्ही उत्तम चालतात. समजूत अशी की बुबुळ एकच असून ते गरजेप्रमाणे या खोबणीतून त्या खोबणीत जातं. म्हणून 'एकदृष्टी' हे नाव, आणि म्हणून 'काकाक्षिगोलक न्याय': वाक्यातला एकच शब्द मागच्याशीही आणि पुढच्याशीही जोडायचा असेल तर शास्त्री लोक हा न्याय लावतात. त्यामागची कथा रामायणातली. चित्रकूटावर सीतेला चोच मारणाऱ्या कावळ्यावर रामाने दर्भाची काडी अस्त्र म्हणून सोडली आणि कावळ्याने जीव वाचवायला एक डोळा दिला. सुंदरकांडात सीता हनुमंताला ओळखीची खूण म्हणून हीच आठवण सांगते. कावळ्याकडे नीट बघितलं तर कथेचं बीज दिसतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळची वस्तू न्याहाळताना तो मान तिरपी करून एकदा या डोळ्याने बघतो, एकदा त्या.

'डोमकावळा'मधला 'डोम' कोण?

पुरता काळा, जाड चोचीचा, घोगऱ्या आवाजाचा, रानात आणि गावाच्या कडेला दिसणारा तो डोमकावळा. लोक 'डोम'चा संबंध स्मशानात काम करणाऱ्या डोंब समाजाशी लावतात. हिंदीतही 'डोम कौआ' आहेच. स्मशान, प्रेत आणि काळा रंग यांची सांगड घालून पक्ष्याचं नाव पाडायचं आणि ते माणसांवर उलटवायचं, ही आपली जुनी खोड. दुसरा धागा संस्कृतातला: मोठ्या कावळ्याला अमरकोश 'द्रोणकाक' म्हणतो. द्रोणाचा 'दोण' सहज होतो, पण 'ण'चा 'म' होणं नेहमीच्या नियमात बसत नाही. मला वाटतं, जुनं नाव कानाला ओळखीचं उरलं नाही तेव्हा लोकांनी ओळखीचा शब्द त्याच्या जागी बसवला असावा. लोकव्युत्पत्ती ही अशीच चालते.

पाणकावळा आणि कुंभार कावळा हे कावळेच का?

दोघेही नाहीत. पाणकावळा बुडी मारून मासे पकडतो आणि मग खांबावर पंख पसरून वाळवत बसतो. रंग काळा, एवढंच साम्य. पण इंग्रजीतलं त्याचं नाव 'कॉर्मोरंट' लॅटिनमधल्या 'समुद्री कावळा' या अर्थाच्या दोन शब्दांवरून आलंय, आणि संस्कृतात तो जलकाक. तिन्ही ठिकाणी लोकांनी किनाऱ्यावर उभं राहून तीच चूक केली.

कुंभार कावळा किंवा सोनकावळा म्हणजे भारद्वाज. विटकरी पंख, लाल डोळे, झुडपातून घुमणारा आवाज. तो कोकिळेच्या कुळातला, म्हणजे नात्याने कावळ्याच्या वैऱ्याकडचा. दिसला की शुभ मानतात. 'कावळा' नाव असून शुभ ठरलेला हा एकटाच.

'कावळा शिवणे' याचे दोन अर्थ कसे?

हा प्रश्न बहुतेक वेळा दबक्या आवाजात येतो. आधी क्रियापद: हे शिवणं सुईदोऱ्याचं नव्हे. प्राकृतात स्पर्श करण्याला 'छिव' होतं, त्याचं हे 'शिवणे'. कापड शिवण्याचं मूळ 'सीव्' वेगळं.

पहिला अर्थ दहाव्या दिवसाचा. घाटावर दर्भावर पिंड मांडलेले असतात आणि माणसं मागे सरकून उभी राहतात. कावळे पिंपळावर असतात, पण खाली येत नाहीत. मग कुजबुज सुरू होते. काय राहिलं असेल मनात? कोणीतरी पुढे होऊन हात जोडतं: 'बाबा, धाकटीच्या शिक्षणाचं आम्ही बघतो, काळजी करू नका.' थोडा वेळ काहीच होत नाही. दुसरा येतो, जमिनीच्या वादाचं बोलतो, हे ऐकून भाऊबंदांत नजरानजर होते. आणि एकदम एक कावळा उतरतो, चोच मारतो, सगळ्यांचे खांदे सैल पडतात. शिवला. अगदीच नाही आला तर गुरुजी दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला लावतात. गवताच्या चार काड्यांना तेवढ्यापुरतं कावळ्याचं नाव मिळतं, आणि चालतं.

दुसरा अर्थ घरातला. मासिक पाळीत आई वेगळी बसली की मुलांना सांगायचे, 'तिला कावळा शिवलाय, जवळ जाऊ नको.' मुलं खिडकीतून तो कावळा शोधायची. कावळा अंगाला लागला तर विटाळ, आंघोळ करायची, या समजुतीवर ते सांगणं उभं होतं. बायकांना बाजूला बसवण्याची रीत मुलांच्या गळी उतरवायला पक्षी सोपा पडला. ज्याने शिवावं म्हणून एका जागी हात जोडायचे, त्याच्याच शिवण्याने दुसऱ्या जागी घरच्या बाईला दूर करायचं. क्रियापद तेच, पक्षी तोच. यातला पहिला अर्थ टिकून आहे, दुसरा मावळतोय, आणि त्याला निरोप देताना मला अजिबात वाईट वाटत नाही.

कावीळ, कावा, काव, काकडी, काका यांचा कावळ्याशी संबंध?

कशाचाच नाही. कावीळ 'कामला' या रोगनामावरून, 'म'चा 'व' होऊन. गनिमी काव्यातला 'कावा' म्हणजे मुळात घोड्याला गोल फिरवणं, आणि तो फारसीकडून आला. 'काव' म्हणजे गेरूसारखी तांबडी माती; गोव्यात आणि कोकणात देवळांच्या भिंतींवर दिसते ती कावी कला तिचीच. काकडी 'कर्कटी'ची लेक. काका हा मामा, दादा, बाबा यांच्या पंगतीतला, अक्षर दोनदा म्हणून झालेला घरगुती शब्द. पुतण्यांनी विनोद केले तरी व्युत्पत्ती बदलत नाही.

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' ही म्हण कुठली?

संस्कृतातल्या 'काकतालीय' न्यायाची मराठी आवृत्ती. ताल म्हणजे ताडाचं झाड, ताडाचं फळ. कावळा ताडावर आला आणि फळ पडलं; कावळ्यामुळे पडलं नाही, वेळ जुळली. पाणिनीच्या एका सूत्रावर (5.3.106) काशिकावृत्ती ही जुनी टीका हे उदाहरण देते, म्हणजे तेव्हाही ते घोटून गुळगुळीत झालेलं होतं. मराठीत येताना ताड गेला, फळ गेलं, साधी फांदी आली. आपल्याकडे ही म्हण बहुधा आळ आलेला माणूस वापरतो.

'काक' लागलेले आणखी शब्द?

पुष्कळ, आणि बहुतेकांत कावळ्याची टर आहे. काकदंत म्हणजे कावळ्याचे दात, अर्थात नसलेली वस्तू. ते मोजत बसणं म्हणजे निरर्थक संशोधन. काकपक्ष म्हणजे मुलांच्या कानांवर सोडलेली झुलपं, रामाच्या बालपणाच्या वर्णनात येतात ती. काकपद ही हस्तलिखितात गळलेलं अक्षर दाखवायची खूण, पावलाच्या ठशासारखी. एकदाच मूल झालेल्या बाईला काकवंध्या म्हणत. कावळी जन्मात एकदाच विते, या चुकीच्या समजुतीवरून. वर आलेलं 'सकृत्प्रज' त्याच समजुतीचं. कावळ्यांची वीण दर वर्षी होते. शब्द बायकांना लागला, समजूत पक्ष्याबद्दल, आणि खोटी दोघांच्याही बाबतीत.

मादीला काय म्हणायचं?

कावळी. पण नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे बोलण्यात सगळे कावळेच. संध्याकाळी एका झाडावर जमून गलका करतात त्याला कावळ्यांची शाळा भरली म्हणतात.

शास्त्रीय नावाचा अर्थ?

गावकावळा म्हणजे कॉर्वस स्प्लेंडेन्स. 1817 साली विएयो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने ठेवलेलं नाव. कॉर्वस हा लॅटिनमधला डोमकावळ्याच्या मोठ्या भावाचा, म्हणजे इंग्रजीतल्या 'रेव्हन'चा शब्द, आणि स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. उन्हात त्याच्या पाठीवर निळी-जांभळी झाक दिसते, ती विएयोच्या नजरेतून सुटली नाही. आपल्या हजारो वर्षांच्या नावांत त्याचं कौतुक करणारं एक नाव सापडायची मारामार, आणि त्या माणसाने पहिल्या फटक्यात 'झळाळणारा' म्हटलं. डोमकावळ्याचं मॅक्रोऱ्हिंकोस म्हणजे ग्रीकमध्ये मोठ्या चोचीचा. आपल्याकडच्या डोमकावळ्याला काही तज्ज्ञ वेगळा धरून कल्मिनेटस म्हणतात. ते नाव 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी करणाऱ्या कर्नल साइक्सचं.

परदेशातही त्याला 'भारतीय' म्हणतात, हे खरं?

खरं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो झांझिबारला नेऊन सोडला गेला आणि तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. स्वाहिलीत कावळ्याला 'कुंगुरू' आहेच, पण इंग्रजीत बोलताना तिथे 'इंडियन हाउस क्रो' म्हणतात, आणि ते प्रेमाने नव्हे. तो तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो. औपमन्यवांची व्युत्पत्ती समुद्र ओलांडून गेली म्हणायची.

श्राद्धाच्या दिवशी गच्चीवर 'काव काव' म्हणतात. ते त्याचं नाव घेणं की त्याच्या आवाजाची नक्कल?

दोन्ही, आणि ते वेगळं करता येत नाही. भाद्रपदातली दुपार. सोसायटीच्या गच्चीच्या कठड्यावर केळीचं पान, त्यावर भात, खीर, वडा, आमसुलाची चटणी. खाली घरात पंगत खोळंबलेली. एरवी बँकेत साहेब असलेले गृहस्थ सोवळं नेसून, तोंडाशी हात धरून, वर बघत 'काव, काव' करतात. आधी लाजत, मग भूक वाढते तसं मोठ्याने. याच घराच्या खिडकीतून सकाळी 'हुश् हुश्' झालेलं असतं. पाण्याच्या टाकीवर एक कावळा येऊन बसतो. मान तिरपी करून पानाकडे एकदा या डोळ्याने बघतो, एकदा त्या डोळ्याने. मग खीर, भात सगळं सोडून वडा उचलतो आणि शेजारच्या इमारतीवर जातो.